आदी काय पीत व्हती?

"नवं कुठलं घालायचं ते ऱ्हाऊ द्या. आदी काय पीत व्हती ते सांगा."

भोरच्या बाजारामागं मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि जुनी गाडी घेऊन कुणीही गेलं की त्यांचं पहिलं वाक्य हेच. मग ते स्टेअरिंगच्या तेलात करंगळी बुडवायचे, अंगठ्यावर चोळायचे, नाकाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. तोवर आपण गप्प उभं राहायचं. तुम्ही त्या भागात जीप चालवली असेल तर तुम्हीही तसेच उभे राहिला असाल.

माझी जीप माझ्याआधी चौघांनी वापरलेली. चारही चाकं ओढणारी, त्यामुळे मार्गासनीहून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत माणसं, दुधाचे कॅन, प्रसंगी शेरडं, सगळं तिच्यातच. त्या चौघांनी स्टेअरिंगमध्ये काय काय ओतलं होतं देव जाणे. एकदा मी पुण्याहून चांगलं महागातलं हिरवं तेल घेऊन गेलो. वाटलं, शाबासकी मिळेल. मिस्त्रींनी बाटली परत माझ्या हातात दिली आणि विचारलं, तुमच्या आज्याला भाकरी सोडून पिझ्झा चारता का? जुन्या गाडीला तिच्या सवयीचं लाल तेलच लागतं. भलतंच घातलं तर आतली रबरं खराब होतात, तेल गळतं. आणि त्यात ब्रेकचं तेल गेलं तर वाटोळंच, रबरं फुगून बसतात. हे सांगताना ते इतके हळहळायचे की मला उगाच अपराधी वाटायचं.

त्यांच्या डब्यांवर नावं नव्हती. विचारलं तर नाकावर बोट ठेवायचे. खरं सांगतो, त्यांचा तो तोरा मला फार आवडायचा.

मग साथीचा ताप आला. त्यांचं गॅरेज महिनाभर बंद. उघडलं तेव्हा मिस्त्री वाळले होते, पण करंगळी, अंगठा, मिटलेले डोळे सगळं तसंच. नाकाला वास येत नाही, हे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी गाडी नेली. वळवताना स्टेअरिंग कुरकुरत होतं. मिस्त्रींनी वास घेतला, मान हलवली, आतल्या अंधारात जाऊन मापात तेल आणलं आणि भरलं. दुसऱ्या दिवशी मला वाड्यावरची दहा माणसं साखरपुड्याला खाली आणायची होती. तो घाट तुम्ही पाहिला नसेल तर एवढंच सांगतो, वळणावर स्टेअरिंग अडलं तर खाली दरीच.

सकाळी मार्गासनीला घरी किल्ली लावतोय तर फाटकात मिस्त्री. हातात पिशवी. पहिल्या एस.टी.नं निघून, मध्ये गाडी बदलून आलेले. आदल्या दिवशी गॅरेज बंद करताना त्यांना लाल तेलाचा डबा काठोकाठ दिसला आणि ब्रेकचा कमी. फोन लावत बसले, पण माझ्या घरात रेंज कुठली!

"चालू करू नगा," ते म्हणाले. "म्या ब्रेकचं त्याल वतलंय. मला वास येत न्हाई. तापापासनं न्हाई."

मी भडकलो. दहा माणसं मेली असती, इथपासून सुरुवात केली आणि बोलू नये तेही बोललो. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. चहाही घेतला नाही. माणसं आणायला मी दुसऱ्याची गाडी पाठवली, तोवर ते जीपखाली शिरले होते. दुपारपर्यंत सगळं तेल काढलं, दोनदा धुतलं, रबरं बदलली, लाल तेल भरलं. या वेळी डबा उजेडात नेऊन मलाही दाखवला.

मग खिशातून एक कागद काढला. तापानंतर त्यांच्या हाताखालून गेलेल्या आठ गाड्या. मीच त्यांना घेऊन निघालो. भाटघर, वेल्हे, दोन दिवस दारोदार. प्रत्येक दारात तेच वाक्य, मला वास येत न्हाई. कुणी समजून घेतलं, कुणी माझ्यासारखंच तोंड सोडलं. आठही गाड्यांत तेल बरोबर निघालं. मला केवढा आनंद झाला!

पण परत आल्यावर मिस्त्रींनी गॅरेजला कुलूप लावलं ते कायमचं. मी त्यांच्या घरी जाऊन भांडलो. म्हटलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावा, वाचा आणि ओता, सगळी दुनिया तेच करते.

"वाचून वतायचं तर तुमचं तुमीच वता की," ते म्हणाले. "मी कशाला पायजे?"

मी तसाच घरी परतलो. आणि त्या सकाळी फाटकात तोंड सोडलं, त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पुढं ते लेकीकडं साताऱ्याला गेले. गेल्या थंडीत तिकडून निरोप आला. मिस्त्री गेले, कालच माती झाली. मी तसाच उठलो, जीप फाटकाबाहेर काढली, भोरच्या दिशेला वळवली. मग कळेना, जायचं कुठं, गॅरेजला तर कुलूप. रस्त्याच्या कडेलाच इंजिन बंद केलं.