एक जुलैवर रागावलेले साडूभाऊ

आमच्या मोठ्या साडूभाऊंइतका संतापी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्या संतापाला रोज इतिहासाचा आधार असतो. बोथला त्यांचं किराणा दुकान आहे. दाराशी फळा, आणि फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष: कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे तह झाला. गिऱ्हाइकाने आधी फळा वाचायचा, मग मीठ मागायचं. कुण्या शास्त्रज्ञाच्या पुण्यतिथीला एक जण हसत हसत साबण मागायला आला, तर त्याला तसाच परत पाठवला. माझ्या मुलीचा साखरपुडा नेमका कुठलासा किल्ला शत्रूच्या हाती पडल्याच्या तारखेला आला. साडूभाऊ आले, पण निषेध म्हणून भिंतीकडे तोंड करून जेवले. जिलेबी मात्र पुन्हा पुन्हा वाढून घेतली. माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका.

पण खरा भडका उडतो तो एक जुलैला. शाळेत नाव घालताना ज्यांच्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्या सगळ्यांना गुरुजींनी एक जुलै लावून टाकली. त्यामुळे साडूभाऊंसकट अर्धं बोथ त्याच दिवशी जन्मलेलं आहे. यंदा नातवंडांनी केक आणला, तर साडूभाऊ दुकानाच्या पायरीवर उभे राहून गरजले, "हे गुरुजीची तारीख हाय. माही नाही." केक शेवटी आम्ही शेजाऱ्याकडे कापला. त्याचाही वाढदिवस होताच.

मीही चिडून म्हटलं, मग तुमची कोणती? तेव्हा ते खाली बसले आणि जुनी गोष्ट सांगू लागले. साता समुद्रापलीकडच्यांचे जन्मदिवस तोंडपाठ आणि आपलाच माहीत नाही, या रागात ते एकदा म्हाताऱ्या आईशी कडाकडा भांडले होते. तिला पोळ्याचा दुसरा दिवस तेवढा आठवत होता. पोळा तिथीने येतो, त्याची तारीख दरवर्षी बदलते, आणि साल काही तिला सांगता येईना. शेवटी तीही तडकली होती: "तू जल्मला तवा रडूनच नव्हता राह्यला. म्या तुह्याकडं पाहू का वाराकडं? तू रडला, तवा माह्या जिवात जीव आला."

आई आता नाही. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेलो. फळा स्वच्छ पुसलेला, कोरा. एका बाईने विचारलं, आज काहीच झालं नव्हतं का? मी ओरडा ऐकायच्या तयारीने बसलो.

"आजच्या दिवशी मी रडलो होतो," साडूभाऊ हळूच म्हणाले, आणि तिची तूरडाळ मोजायला लागले.