शून्य आकड्यासाठी आरमोरीपर्यंत

वरोरा मागे पडलं आणि मांडीवरच्या डब्यातला आकडा हलायला लागला. गाडीच्या काचा बंद होत्या. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं आणि मे महिन्यातलं पांढरं ऊन. आकडा चढे, उतरे, थोडा वेळ थांबे, पुन्हा चढे. मी डबा उचलून कानाशी धरला, जणू काही ऐकूच येणार होतं. गाडी चालवणारे प्रकाशभाऊ आरशातून माझ्याकडे बघत होते. ते वरोऱ्याचेच. सकाळी त्यांनीच मला स्टेशनजवळच्या टपरीवर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खायला लावले होते आणि त्या तर्रीने अजून जीभ पोळत होती.

"मॅडम, हा डबा आजारी हाय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तेच बघायला आलेय.

पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत विषारी वायू ओळखणारे संवेदक बनवण्याचं काम चालतं. त्या डब्यात नखाएवढी एक पट्टी होती आणि तिच्यावर ग्राफीनचा थर. पेन्सिलीत जे ग्राफाइट असतं, त्याचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्यावर आम्ही प्लॅटिनमचे अगदी बारीक कण पेरतो. कार्बन मोनॉक्साइड या पट्टीपाशी पोचला की तिथे रासायनिक क्रिया होते आणि किंचितसा विद्युतप्रवाह वाहतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. नुसत्या प्लॅटिनमची पट्टी महाग पडते. ग्राफीनमुळे चिमूटभर प्लॅटिनममध्ये काम भागतं. घोळ एवढाच, की पट्टीवर ओलसर जेलचा लेप लागतो आणि उन्हाने तो सुकतो. आमच्या वातानुकूलित खोलीत ही पट्टी महिनोन्महिने शहाण्यासारखी वागली होती. चंद्रपूरच्या उन्हात आणि कोळशाच्या धुळीत ती काय करते, ते मला बघायचं होतं.

राजुऱ्याच्या अलीकडे एका जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यापाशी आम्ही थांबलो. टाकून दिलेला कोळसा तिथे आतल्या आत धुमसत असतो. ज्वाळा दिसत नाहीत. दगडांच्या फटींतून निळसर धूर येतो आणि बुटांच्या तळव्यांना चटका बसतो. खाणीवर अनेक वर्षं सुरक्षेचं काम केलेले एक निवृत्त गृहस्थ, दामोदरभाऊ, मला तिथे भेटायला आले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून इकडे खिशात कांदा ठेवतात. त्यांनी एक मलाही दिला.

माझ्याकडे दोन यंत्रं होती. एक आमचा डबा आणि दुसरं बाजारातलं, तपासून घेतलेलं खात्रीचं यंत्र. दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते बघायचं, एवढंच काम. सुरुवातीला आकडे छान जुळले. मला इतका आनंद झाला की त्या तापल्या दगडांवर मी बसायलाच निघाले होते. दुपार चढली तसा आमचा आकडा भरकटला. ढिगाऱ्यापासून लांब नेला, गाडीत ठेवला, ओल्या फडक्यात गुंडाळला, तरी तो शून्यावर येईना. मी आत-बाहेर करत राहिले. प्रकाशभाऊ लिंबाच्या सावलीत डुलकी काढत होते, त्यांनाही मी बसू दिलं नाही.

दामोदरभाऊंनी शांतपणे सगळं पाहून घेतलं आणि म्हणाले, "शून्य पायजे असन त इथी काऊन शोधता? इथी कुठीच नाई. नदीपलीकडं जंगलात जा."

त्यांचं म्हणणं खरं होतं. खात्रीचं यंत्रही तिथे शून्य दाखवत नव्हतं, म्हणून आमच्या पट्टीचं शून्यच सरकलंय की नाही, हे स्वच्छ हवेत गेल्याशिवाय कळणार नव्हतं. मुक्काम आणखी काही दिवस चंद्रपुरातच ठरला होता, पण मला तिथे थांबवेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही मूलच्या रस्त्याला लागलो.

मूल ओलांडल्यावर रस्ता सागाच्या जंगलात शिरतो. मे महिन्यात सागाला पान नसतं. नुसते करडे खांब उभे, आणि खाली वाळक्या पानांचा खच. एका वळणावर चाक पंक्चर झालं. प्रकाशभाऊ चाक बदलत होते आणि मी यंत्रं बाहेर काढून आकडे बघत होते. निघताना आमचा डबा मी मांडीवर घेतला. खात्रीचं यंत्र गाडीच्या टपावरच राहिलं. बरंच पुढे गेल्यावर आठवण झाली. परत आलो तोवर ते टपावरून रस्त्यावर पडून एक ट्रक त्यावरून गेला होता. प्रकाशभाऊंनी तुकडे गोळा करून पिशवीत भरले. मला ते बघवेना. आता माझ्याजवळ फक्त तो भरकटणारा डबा होता आणि तो खरं बोलतोय की नाही, हे विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

वैनगंगा ओलांडली. पूल लांबच लांब, खाली पाणी मात्र एका कडेला. गडचिरोलीहून आरमोरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विड्यांसाठी तेंदूपानं तोडणारी माणसं दिसत होती. एका झाडाखाली काही गोंड बाया पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी डबा ठेवला. एकीने माझा लाल झालेला चेहरा पाहून आपला तुंबा (वाळक्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं) पुढे केला आणि म्हणाली, "येर." येर म्हणजे गोंडीत पाणी. इतकं गार पाणी त्या अख्ख्या प्रवासात मी प्यायले नाही. डब्यातला आकडा मात्र तिथेही हलत होता. लांब कुठेतरी रान पेटलं होतं, वारा तिकडचा होता.

आरमोरीच्या पलीकडे एका गावाबाहेर बोडी (शेतातलं लहान तळं) लागली. तळाशी हातभर हिरवं पाणी, कडेला बगळे. वारा पडला होता. मी डबा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवला आणि उन्हातच बसून राहिले. आकडा हळूहळू उतरला. शून्य नाही, पण शून्याला चिकटून थांबला. म्हणजे पट्टी मेलेली नव्हती. मला एकदम भूक लागली.

गाडीलाही पाणी हवं होतं, म्हणून आम्ही गावातल्या पहिल्याच घरी थांबलो. त्या घरच्या सुशीलाबाई अंगणात धान वाळवत होत्या. त्यांनी काही न विचारता वाटीभर आंबील (आंबवलेल्या पिठाची पातळ पेज) आणि वर जवसाची चटणी दिली. गाडीला पाणी मात्र कमीच मिळेल, म्हणाल्या. घरची विहीर आटत आली आहे, तिचा गाळ काढणं सुरू आहे. नवरा रामदास आणि दीर विलास विहिरीवरच होते. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की काल संध्याकाळी विहिरीतून वर आल्यावर रामदासला भोवळ आली, डोकं ठणकलं. ऊन लागलं असेल.

आंबिलीची वाटी मी तशीच खाली ठेवली. विहिरीतलं पाणी कशाने उपसता, म्हणून विचारलं. डिझेलच्या पंपाने, त्या म्हणाल्या. पाणी फार खाली गेलंय, वरून ओढलं जात नाही, म्हणून पंपच आत उतरवलाय.

मी विहिरीकडे जवळजवळ धावतच गेले. मागून प्रकाशभाऊ, त्यांच्यामागे सुशीलाबाई.

पंप नुकताच बंद केला होता. विहीर खोल, दगडी. पाण्याच्या थोडं वर एक कपार, तिच्यावर पंप बसवलेला. रामदास कमरेला दोर बांधत होता, मजबूत बांध्याचा, मितभाषी माणूस. विलासने कंदील दोरीने आत सोडला होता. कंदील तळाशी स्वच्छ जळत होता आणि दोघांनाही तेवढं पुरेसं होतं.

मी सांगितलं, मला आधी एकदा माझा डबा आत सोडू द्या. रामदासने मान हलवली; त्याला घाई होती, पण पाहुणीला नाही कसं म्हणायचं. डबा बादलीत ठेवून आम्ही खाली सोडला. त्याच्या लांब वायरला जोडलेला आकड्याचा छोटा पडदा माझ्या हातात होता. अर्ध्यापर्यंत तो हललाच नाही. कपारीजवळ पोचल्यावर चढायला लागला आणि चढतच राहिला. राजुऱ्याच्या धुमसत्या ढिगाऱ्यावरही मी एवढा पाहिला नव्हता.

मी म्हटलं, उतरू नका. पंपाच्या धुराचा वायू खाली साठलाय.

"दिवा त जळून राह्यला ना," विलास म्हणाला.

मी समजावत गेले. दिवा जळतो याचा अर्थ आत प्राणवायू आहे. पण हा वायू दिव्याला विझवत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि प्राणवायू असला तरी तो रक्तात शिरून माणसाला पाडतो. विलास ऐकत होता, पण बघत होता कंदिलाकडे.

रामदासने सरळ विचारलं, "हे यंत्र बरोबर सांगते, हे पक्कं हाय का?"

क्षणभर मला वाटलं, हो म्हणून टाकावं. पण त्याच डब्याने काल दिवसभर मला फिरवलं होतं, आणि त्याची खातरजमा करणारं यंत्र पिशवीत तुकडे होऊन पडलं होतं. मी म्हटलं, "पक्कं नाही. हा नवीन आहे, उन्हात चुकतो. पण आत्ता चुकतोय की नाही, ते मला सांगता येत नाही. माझा भाऊ असता तर मी त्याला उतरू दिलं नसतं."

रामदास हसला नाही, रागावलाही नाही. पावसाच्या आधी गाळ निघाला पाहिजे, आधीच उशीर झालाय, असं काहीसं पुटपुटला आणि विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला. मी विलासच्या हातातला दोर धरला. माझ्या धरण्याने काय होणार होतं, कोण जाणे.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या सुशीलाबाई पुढे आल्या.

"काल सांजेले बाहेर निघाले अन् इथीच ओकले तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी म्हटलं, ऊन लागलं. पण हिरीत ऊन कुठी असते जी?"

रामदासने एकदा विहिरीत पाहिलं, मग तळव्याने कपाळ दाबलं, काल ठणकत होतं तिथेच बहुतेक. पाय वर घेतले आणि दोराची गाठ सोडायला लागला.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. धान उफणायचा मोठा पंखा विलासने घरून आणला. ताडपत्रीची सुरळी करून, ती दोरीने आवळून तिचं एक तोंड पंख्याला बांधलं, दुसरं विहिरीच्या तळापर्यंत सोडलं. सुरळी मधेच फाटायची, प्रकाशभाऊ ती शिवत होते. पंखा घरघरत राहिला. मला एका जागी बसवेना. मी विहिरीभोवती फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला आकडा बघत होते. तो उतरत होता, पण फार हळू. सुशीलाबाईंनी मला हाताला धरून सावलीत बसवलं आणि मघाची आंबील पुन्हा हातात दिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा आकडा बोडीवरच्या आकड्याच्या जवळ आला. मी रामदासला तसं सांगितलं. तो उतरला, पंखा चालूच ठेवून. वरून सुशीलाबाई सारख्या हाका मारत होत्या आणि प्रत्येक हाकेला तो खालून ओ देत होता. एकदा ओ यायला जरासा उशीर झाला. विलासने दोर ओढायला घेतला, तेव्हा खालून रामदास ओरडला, की टोपली भरू तरी द्या. मग गाळाच्या टोपल्या वर यायला लागल्या, काळ्या, गार, शेवाळाचा वास असलेल्या. अंधार पडायच्या आत तो वर आला. डोकं दुखत नव्हतं. भूक लागली, म्हणाला.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम मी त्या पट्टीचं केलं. मोजून घेतलेला वायू तिच्यावर सोडला आणि आकडा पाहिला. तो खूपच कमी आला, जवळजवळ निम्मा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकाखाली जेल सुकून भेगाळलेलं दिसलं. ग्राफीनच्या बऱ्याचशा भागापर्यंत वायू पोचतच नव्हता. काल-परवापर्यंत मला भीती होती, की डबा उगाच मोठा आकडा दाखवत असेल आणि मी एका माणसाचा दिवस वाया घालवला असेल. खरं उलटं होतं. विहिरीत वायू डब्याने दाखवला त्याच्या दुप्पट तरी होता. मग माझ्या मनात दुसराच आकडा घोळायला लागला, ज्याच्या भरवशावर मी रामदासला उतर म्हटलं होतं. तो दुप्पट करून पाहिला. थोडाच होता, धोका नव्हता. तरी मी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला.

शेवटी फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. रामदासने ऐकून घेतलं आणि फोन बायकोकडे दिला.

सुशीलाबाई म्हणाल्या, पंपाच्या धुराला आता लांब नळी लावून ती विहिरीबाहेर काढली आहे. विलासच्या सासऱ्यांची विहीर उपसायची आहे, तिथेही आधी पंखाच लावणार. डबा नसला तरी. मग म्हणाल्या, "तुमची पट्टी आमच्या उनात टिकन असी करा, मंग आणा. तवर पंखा हाय."

पट्ट्या तापवून तपासायची प्रयोगशाळेतली भट्टी मी आता पुण्याच्या नाही, चंद्रपूरच्या उन्हाच्या हिशेबाने ठेवते. परवा आत ठेवलेली पट्टी दुपारपर्यंत नीट होती, मग सुकली. आज नव्या जेलची दुसरी ठेवली आहे, आणि हे लिहिता लिहिता मी सारखी उठून काचेतून बघून येते आहे.