पूजेचा नट आणि चरवीभर दूध

निजामशाही नुकतीच सरली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लष्करातून बाद झालेली लॉरी घेतली आणि खटकचिंचोळीहून बिदरच्या अडतीला ज्वारी वाहायला लागले. लॉरी अशी आदळायची की मला तिचा रागच यायचा.

त्या साली माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, सातवा महिना लागला. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, माहेरी येताना बैलगाडीच्या हादऱ्यांनी. आता तिच्या सासूबाईंचा जनवाड्याहून निरोप आला, बाळंतपणाला धाडत न्हाई. आईचं अन्नपाणीच तुटलं.

अप्पा तडक हैदराबादला गेले. दुकानदाराने लॉरीचे हादरे जिरवणारे साधे, स्वस्तातले शॉकअप दाखवले आणि दुसरे, नट फिरवून कडक-नरम करता येणारे. अप्पांनी दुसरे उचलले. घरी येऊन म्हणाले, "ज्वारीला कडक, पोरीला नरम."

ज्वारी भरली, नट कडक आवळले, आईने नटांना विभूती-कुंकू लावून लॉरीची पूजा केली. बिदरला माल उतरवून अप्पा आणि मी रिकाम्या लॉरीने जनवाड्याला निघालो. नट नरम करायचे होते. पण विभूती लावलेल्या नटाला पाना लावायला अप्पांचा हात धजेना.

जनवाड्याला पोचलो. "आधी मी बसून बघते," अक्काच्या सासूबाई म्हणाल्या आणि चरवीभर दूध मांडीवर घेऊन पुढे बसल्या. मला त्यांचा असा संताप आला! ओढ्यापाशी लॉरी उसळली आणि अर्धं दूध त्यांच्या इरकली लुगड्यावर सांडलं.

अप्पांनी खाली मान घालून नट कडकच का राहिले ते खरं कारण सांगितलं.

"इवाई, इष्टलिंग तर आपण रोज पूजेला हातावर घेतो," त्या म्हणाल्या, "मग नटाला कामून भ्यायलाव? फिरवा."

अप्पांनी नमस्कार करून नट सैल केले. पुन्हा त्याच ओढ्यावरून गेलो. या खेपेला दूध नुसतं डुचमळलं.

परत आलो तेव्हा अक्का दारातच उभी होती. सासूबाईंनी तिच्या हातात चरवी दिली. "एवढं पी आन् कपडे भर. म्होरं बस, अप्पाजवळ." मग ओला पदर पिळत, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "मागल्या खेपेला गाडी जुंपा म्हणून मीच म्हणलते."