हरिबाची मरळ

हरिबा गळानं मासा धरायचा, हलक्या हातानं गळ सोडवायचा आणि मासा परत तळ्यात सोडून द्यायचा. बीडच्या बागेत रोज संध्याकाळी बाकडी झिजवणाऱ्या आम्हा रिकामटेकड्यांना त्याचं हसू यायचं. खायचा नाही, विकायचा नाही, मग हा उपद्व्याप कशाला?

नांदूरघाटाकडच्या एका तलावावर त्याची मच्छीमार सोसायटी होती. दुष्काळात तलाव आटला, सभासद ऊसतोडीला पांगले. हरिबानं उरलेल्या मरळींची एक जोडी घागरीत घालून एसटीनं इथं आणली, बागेतल्या तळ्यात सोडली आणि तिथंच माळीकाम धरलं. पाऊस झाला की हीच जोडी तलावात बियाण्याला सोडायची आणि सोसायटी पुन्हा उभी करायची, एवढाच त्याला ध्यास. मासे जगलेत का, वाढलेत का, हे बघायला तो त्यांना अधूनमधून धरायचा.

पुढच्या उन्हाळ्यात बागेतलं तळंही कोरडं पडलं. त्यानं जोडी बागेतल्या जुन्या विहिरीत हलवली. मग वस्तीतले नळ बंद झाले आणि लोकांसाठी तीच विहीर उघडायचं ठरलं. संध्याकाळी पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकायची आहे, त्याआधी मासे काढून घे, असा निरोप पालिकेच्या सुग्रीवनं आणला.

मादी लगेच गळाला लागली. तिला त्यानं घरच्या पिंपात ठेवलं. नर काही येईना. गांडूळ लावलं, बेडूक लावला. तो वर यायचा, आमिषाभोवती फिरायचा आणि खाली जायचा. जाळं टाकलं ते कपारीत अडकून फाटलं. इतक्या वेळा धरून सोडलेला तो मासा आता शहाणा झाला होता. गळ ओळखायला त्याला हरिबानंच शिकवलं होतं. हे ध्यानात आलं तसा हरिबा काठावर बसला. मला त्याच्याकडं बघवेना.

दिवस कलला. सुग्रीव पावडरची पिशवी घेऊन घुटमळत होता, त्याच्याही जिवावर आलं होतं. वस्तीतली साखराबाई रिकामी घागर घेऊन कधीची उभी होती. ती हळूच म्हणाली, "हरिबा, सकाळी तरी पाणी मिळंल का? लेकरं लई कावलीत."

हरिबानं गळाची दोरी गुंडाळली आणि सुग्रीवच्या हातातली पिशवी मागून घेतली.

"मीच टाकतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच बागेत गेलो. नर पाण्यावर उलटा तरंगत होता. हरिबा पायऱ्या उतरून गेला, त्याला उपरण्यात गुंडाळून वर घेऊन आला. आम्ही दोघांनी लिंबाखाली खड्डा केला. माती लोटताना तो म्हणाला, "कुणाला सांगू नका. बाया मग हे पाणी भरायच्या न्हाईत."

उजाडलं तशी रांग लागली. हरिबाच पोहऱ्यानं पाणी शेंदून देत होता. साखराबाईनं घागर पुढं केली आणि विचारलं, "सापडला का रं तुझा नर?"

"सापडला," हरिबा खाली बघत म्हणाला. "दिला सोडून."