पाकीटमामांचा एकतीस नंबर

"तुझी भैन मुकी आसा काय रे?"

"मुकी नाही, कॉन्व्हेंटमध्ये आहे."

हे बोलणं माझ्यादेखत झालं, पण माझ्याशी नाही. दादाच्या बॅटची मूठ सैल झाली होती आणि ती दुरुस्त करून घ्यायला आम्ही साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभे होतो. मी दहा वर्षांची होते. विचारणारा माणूस जमिनीवर बसून, बॅटचं पातं दोन्ही पायांत धरून मुठीवर दोरा गुंडाळत होता. दादाचं उत्तर ऐकून त्याचा हात थांबला. दोऱ्याचं टोक दातात धरून त्याने मागची पत्र्याची पेटी उघडली आणि पत्त्याहून जरासं लहान असं एक रंगीत चित्र माझ्या हातात दिलं. चित्रात टोपी घातलेला एक गोरा क्रिकेटपटू होता.

"ह्येच्या पाठीर काय लिवलाहा ता वाच बघू. इंग्रजी आसा."

मी वाचलं. त्या माणसाने नकारार्थी मान हलवली. "मोठ्यान वाच गो. माझ्या कानांक आधीच इंग्रजी येणा नाय, त्येतू तू कुजबुजतंस."

हे पाकीटमामा. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं, कारण पाटीच नव्हती. जन्मात एक सिगारेट ओढली नाही, पण दुसऱ्या महायुद्धाआधी सिगारेटच्या पाकिटांतून येणाऱ्या चित्रांचे पन्नास-पन्नासचे चार संच त्यांच्याकडे पुरे होते. दोन क्रिकेटपटूंचे, एक जहाजांचा, एक पक्ष्यांचा. त्या काळी ते मालवणहून येऊन एका जिमखान्याच्या पॅव्हेलियनमध्ये कामाला लागले होते. साहेबांचे बूट पांढरे करायचे, बॅटना जवसाचं तेल लावायचं, टॉवेल द्यायचे. साहेब पाकीट फोडत, सिगारेट घेत आणि चित्र जमिनीवर टाकून देत. "बाकीच्या गड्यांनी थोटकां उचलली," मामा सांगायचे, "मी माणसां उचललंय." लढाई सुरू झाली, चित्रं यायची बंद झाली, पुढे साहेबही गेले. मामा अंधेरीला येऊन बॅट दुरुस्त करू लागले.

पेटीतली माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखीची होती, पण ती कोण, कुठली, हे सगळं पाठीवर इंग्रजीत होतं. मामांची शाळा मराठी तिसरीत संपलेली. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की मी शेडमध्ये जाऊ लागले. दर वेळी पाच चित्रं. एकेक घ्यायचं, पाठ वाचायची, मग तेच मराठीत सांगायचं. मामा ऐकताना दोरा गुंडाळत असत, माझ्याकडे बघतसुद्धा नसत. पण पुढच्या शनिवारी आदल्या वेळची पाचही चित्रं ते अक्षरन् अक्षर म्हणून दाखवत. मला वाटतं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही म्हणूनच मी बोलू शकले. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला एकच शेरा असे, मुलगी वर्गात बोलत नाही. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन बसे. शेडमध्ये मात्र माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

गिऱ्हाइकाला ते नाव विचारत नसत. "काय खेळतंस?" एवढंच विचारत. कुणी सावकाश बॉलिंग टाकतो म्हणाला, तर पेटीतून तसाच एक बॉलर काढून त्याच्यासमोर धरत आणि त्याची सगळी कुंडली सांगत. बॅट तयार होईपर्यंत त्या मुलाला आपण एकटे नाही असं वाटू लागे. एकदा स्टुडिओतली माणसं शूटिंगसाठी जुन्या बॅट मागायला आली, तर त्यांनाही हाच प्रश्न. ते म्हणाले, आम्ही खेळत नाही, खेळल्याचं नाटक करतो. मामांनी पेटी बंद केली आणि बॅटही दिल्या नाहीत.

क्रिकेटच्या पहिल्या संचातला एकतीस नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो एक विकेटकीपर होता. ग्लोव्ह्ज घातलेले हात गुडघ्यांवर टेकवून तो कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी बाजूला बघत होता. पॅव्हेलियनमध्ये असताना मामांनी हे चित्र सरस लावून आपल्या सामानाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, इतका तो चेहरा त्यांना आवडायचा. पुढे संच पुरा होत आला तेव्हा वाफ देऊन ते सोडवलं. पाठीवर तपकिरी सरसाचा थर आणि त्याखाली कुठे कुठे अर्धी अक्षरं राहिली होती. "जरा पुसट झालाहा," मामा मला म्हणाले, "पण तू इंग्रजीवाली. तुका येतला."

तिथे काहीही वाचता येत नव्हतं. हे चार शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं. पण मामांनी दोरा खाली ठेवला होता, हात पुसले होते आणि पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत होते. मी चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि वाचू लागले. हा एका गरीब कोंबड्या पाळणाऱ्या बाईचा मुलगा. त्याच्या घरी चेंडू नव्हता. त्याची आई खुराड्यातून एकेक अंडं त्याच्याकडे फेकायची आणि तो झेलून टोपलीत ठेवायचा. अंडं फुटलं तर त्या दिवशी त्याला जेवण नाही. तो फार थोडे दिवस उपाशी राहिला.

मामांनी चित्र परत घेऊन त्या ग्लोव्ह्जवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्हणान त्येचे हात असे."

त्यानंतर शेडमध्ये आलेला एकही मुलगा ही गोष्ट ऐकल्याशिवाय परत गेला नाही. आणि मामा नुसतं सांगून थांबणारे नव्हते. शेजारच्या वाडीतल्या एका बाईंकडून ते अंडी आणत आणि दुपारी शेडमागच्या मोकळ्या जागेत मुलांना झेलायला लावत. चेंडू हातावर आदळू द्यायचा नाही, हात चेंडूबरोबर मागे न्यायचे, हे मुलांना अंड्याने दोन दिवसांत कळायचं. कितीतरी घरी शर्टांवरून मार बसला. आमच्या घरी अंडं येणं शक्यच नव्हतं, म्हणून दादाला मामांनी पिकलेले चिकू दिले. "बामणांनी चिकू घेवचे," ते म्हणाले, "देवाक चालता." दादा चिकूवर विकेटकीपर झाला. शाळेच्या संघात आला, पुढे कॉलेजच्या संघात गेला. त्याची निवड झाली त्या दिवशी मामांनी एकतीस नंबर त्याच्या कपाळाला लावला. मी बाजूला उभी होते. सगळे हसत होते आणि मी चित्राची पाठ कुणाला दिसते का ते बघत होते.

दरवर्षी खंडेनवमीला मामा आपल्या हत्यारांची पूजा करत. हातोडी, कानस, तेलाची बाटली, दोऱ्याची रिळं पाटावर मांडली की त्यांच्या शेजारी चारांपैकी एक संच बसे. कोणता बसवायचा, यावर आधी आठवडाभर वाद चाले. मुलं भांडत, मामा सगळ्यांचं ऐकून घेत. कुणी जहाजांची बाजू घेई, कुणी क्रिकेटच्या दुसऱ्या संचाची, कारण त्याचे रंग जास्त झकास होते. शेवटी मामा पहिलाच संच काढत आणि कारणही तेच देत. त्यात तो अंडीवाला होता. माझ्या खोटेपणाला असं दरवर्षी हळदकुंकू लागत गेलं.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या भागातल्या वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवलं. नियम असा होता की प्रत्येकाने आपल्या संग्रहातला एकच संच मांडायचा आणि हाच का, ते परीक्षकांना तोंडी सांगायचं. परीक्षक होते बंगल्यात राहणारे एक वकीलसाहेब. त्यांच्याकडे विलायतेहून मागवलेले चित्रांचे अल्बम आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी अर्ज भरायला मला बोलावलं, तेव्हा मी पहिल्यांदा धीर करून म्हणाले की या वेळी पक्षी मांडूया. त्यांनी का म्हणून विचारलं. पक्षी सुंदर आहेत, एवढंच मला सुचलं.

"सुंदर आसत," मामा म्हणाले. "पण पक्ष्यांनी अंडी घातल्यानी. झेलूक कोण गेलो?"

मग प्रत्येक चित्राखाली लावायच्या पट्ट्या मी लिहायला घेतल्या. एकोणपन्नास पाठींचा मजकूर मराठीत उतरवला आणि एकतीस नंबर तसाच ठेवला. मामांनी पट्ट्या मोजल्या नाहीत. नुसत्या चाळून कुठली नाही ते ओळखलं. त्यांच्यासमोर बसून मी तीही लिहिली, सगळ्यांत चांगल्या अक्षरात. वकीलसाहेबांकडे हाच संच असला तर मामांची सगळ्या अंधेरीसमोर शोभा होणार, हे मला लिहिताना कळत होतं. सांगावं असं रोज वाटायचं आणि रोज मी ती पट्टी खोडायला बॅगेतून पेन काढून परत ठेवायची.

प्रदर्शनाच्या दिवशी मामा धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून टेबलामागे उभे होते. हॉल भरला होता. चित्रांकडे न बघता ते एकेकाची माहिती सांगत होते आणि लोक पट्ट्यांवर बोट ठेवून ताडून बघत होते. एकही शब्द चुकत नव्हता. वकीलसाहेब आले, त्यांनी वीस-बावीस चित्रं ऐकली आणि ते खरोखर खूश झालेले दिसले. मग मामा आपणहून एकतीसवर आले. हाच संच का, तर ह्या माणसामुळे, असं म्हणून त्यांनी अंड्यांची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.

वकीलसाहेबांनी ती पुरी ऐकली. मग म्हणाले की हा संच त्यांच्याकडेही आहे, आणि हा गृहस्थ एका बँकेतल्या कारकुनाचा मुलगा होता. कोंबड्यांचा कुठे उल्लेख नाही. त्यांनी परवानगी विचारून चित्र उचललं, उलटं केलं, आणि सरसाचा तो तपकिरी थर सगळ्यांना दिसला. मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"मामा," वकीलसाहेब म्हणाले, "इथे तर वाचण्यासारखं काहीच नाही. ही गोष्ट आली कुठून?"

मामांनी चित्राची पाठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि मान वळवली. त्यांना सगळं समजलं, हे मला त्या मान वळवण्यावरून कळलं. टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"माझीच ती," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची बडबड. चूक झाली, सायबानू."

वकीलसाहेबांनी वाईट वाटून यादीवर पेन टेकवलं. माहिती रचलेली असेल तर संच बाद, असा नियम होता. आणि मी, जी वर्गात हजेरीलाही नीट आवाज देत नसे, टेबलाला वळसा घालून पुढे गेले.

पुढचं सगळं आधी सांगून टाकते. संच बाद झाला नाही. माझं ऐकून वकीलसाहेबांनी पेनचं टोपण लावलं आणि दादाला पुढे बोलावून त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. पहिलं बक्षीस त्यांनी मामांना दिलं आणि वर म्हणाले की माझा अल्बम लंडनच्या दुकानात कुणालाही मिळेल, हा संच फक्त अंधेरीत मिळतो. प्रशस्तिपत्र मामांनी तिथेच मला मोठ्याने वाचायला लावलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला उरलेल्या एकोणपन्नास पाठी पुन्हा वाचायला बसवलं. या वेळी शेजारी दादाला बसवलं, पडताळा घ्यायला. "चोर एकदा गावलो," ते म्हणाले, "म्हणजे घर सगळा तपासूचा." एकोणपन्नासही खऱ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी मला चिकू दिला.

दोन वर्षांपूर्वी मामा शेड सोडून कायमचे गावी गेले. पेटी त्यांनी बरोबर नेली, एकही चित्र कुणाला दिलं नाही. गावातली मुलं आता अंडी झेलतात असं दादा तिकडे जाऊन आला तेव्हा सांगत होता. गोष्ट तीच आहे, फक्त शेवटी मामा एक वाक्य जोडतात की ही आमच्या एका चेडवाने, म्हणजे पोरीने, सांगितली आहे, पुस्तकात शोधू नका. मी आता लहान मुलांच्या शाळेत शिकवते. समोरची ओळ येत नसताना एखादं मूल भराभरा वाचू लागलं की मला ते लगेच कळतं. मी त्याला थांबवत नाही. ते संपेपर्यंत ऐकते, आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसते.

त्या दिवशी हॉलमध्ये माझा आवाज सुरुवातीला कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला, असं दादा म्हणतो. मी म्हणाले, "वकीलसाहेब, मामांनी काही रचलेलं नाही. त्या पाठीवरचं मला वाचता येत नव्हतं आणि तसं सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी दहा वर्षांची असताना ती गोष्ट बनवली. मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. बाद करायचं तर मला करा. पण त्या गोष्टीवर माझा भाऊ कॉलेजचा विकेटकीपर झालाय, तो बघा तिथे उभा आहे. आणि ह्या सगळ्या हॉलमधून एकच संच निवडायचा असेल, तर मी हाच निवडते."