शेजाऱ्याला किती दुखतंय?

डार्ला टोफ्टेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी चार हजार मण बर्फाखाली होतो. चार हजार हा माझा अंदाज. डार्लाच्या मते ‘जरासं उडालं होतं’. आमच्या नॉर्थ डकोटातल्या हालसेट गावात त्या जानेवारीत बर्फाने कुंपणं गिळली, गाड्या गिळल्या, एक पाद्रीही गिळला. पाद्री नंतर मिळाला. रस्ता मोकळा करायला बर्फ लोटायचं सरकारी यंत्र निघालं. त्याचं पातं चर्चच्या दाराएवढं, आणि वर बसलेली बाई त्या दारातून आडवी होऊनच आत गेली असती. तिने रस्त्यावरचा सगळा बर्फ बाजूला लोटला. बाजूला मी होतो, गाडीत बसलेला.

मग तिनेच फावड्याने उकरून काच मोकळी केली. माझा डावा हात मोडला होता. हे मला नक्की कळत होतं, कारण ज्या दिशेला तो वळला होता त्या दिशेला हात वळत नाहीत.

‘‘लागलं का रे?’’

‘‘छे, विशेष काही नाही.’’

‘‘मग ठीक,’’ म्हणून ती यंत्रावर चढली आणि गेली. मी उरलेल्या हाताने गाडी चालवत दवाखाना गाठला. यात काही वावगं आहे असं तिलाही वाटलं नाही, मलाही नाही.

आमच्या गावात दुखणं हे दुसऱ्याच्या घरी असतं. गावातलं एकुलतं औषधाचं दुकान माझं आहे, म्हणून सांगतो, दुखण्यावरच्या गोळ्या माझ्या फळीवर मुदत संपेपर्यंत सुखाने नांदतात.

डार्लाने बावीस वर्षं ते यंत्र चालवलं. मग तिच्या वडिलांचं पोट बिघडलं. इंगवाल्ड टोफ्टे तीन दिवस ‘जरा जड वाटतंय’ एवढंच म्हणत होते. तेवढ्या दिवसांत त्यांनी गुरांना चारा घातला आणि गोठ्याचं एक दारही बसवलं. चौथ्या दिवशी ते दाराशेजारीच आडवे झाले. आत अपेंडिक्स फुटून दोन दिवस उलटले होते. म्हातारा वाचला, अजूनही आहे, आणि ते दार नीट लागत नाही याचंच त्याला वाईट वाटतं. पण डार्ला त्यानंतर माझ्या दुकानात आली ती औषधांपलीकडच्या फळीवरच्या वह्या घ्यायला, सरळ अर्धा डझन.

‘‘तीन दिवस मी त्यांच्यासमोर बसून जेवत होते,’’ ती म्हणाली. ‘‘मला कळलं नाही. हे कळायला लागतं तरी कसं, ते शिकायचंय मला.’’

अशी ती एकोणपन्नासाव्या वर्षी नर्सिंगच्या पदवीला बसली. वर्गातल्या पोरी विशीतल्या. पहिल्या आठवड्यात त्या तिला आजी म्हणायच्या. पहिलं हिमवादळ आलं आणि डार्लाने अख्खा वर्ग आपल्या पिकअपच्या मागे दाटीवाटीने बसवून वेळेवर दवाखान्यात पोचवला, तेव्हापासून ‘टोफ्टे मॅडम’ म्हणायला लागल्या.

चौथ्या वर्षी प्रत्येकीला एक संशोधन करावं लागतं. ते पास झालं तरच पदवी, आणि पदवी मिळाली तरच दवाखान्याने तिच्यासाठी राखून ठेवलेली नोकरी. डार्लाने विषय घेतला: हालसेटच्या रुग्णांना किती दुखतं आणि ते नर्सला वेळेवर कळतं का. पद्धत सगळ्या जगात चालते तीच. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तुमचा आकडा सांगा. सहा आठवड्यांत तिने एक्केचाळीस रुग्णांना विचारलं आणि कागद प्राध्यापिका सालसेडोंपुढे ठेवले. रेनाटा सालसेडो शिकागोच्या, आमच्याकडे त्यांचे दोनच हिवाळे झालेले.

‘‘डार्ला, हे काय आहे?’’

‘‘आकडे आहेत, मॅडम.’’

‘‘एक्केचाळीस जणांनी ‘दोन’ सांगितलंय.’’

‘‘चाळीस. एकाने दीड सांगितलं.’’

‘‘ही बाई बाळंत होत होती!’’

‘‘हो. तिनेच दीड सांगितलं. पहिलं बाळ नव्हतं ना.’’

सालसेडोबाईंनी चष्मा काढला. ‘‘यातून काहीच सिद्ध होत नाही. एप्रिलच्या पंधरापर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर मी तुम्हाला पास करू शकणार नाही. मला वाईट वाटतंय.’’

‘‘असू दे, मॅडम,’’ डार्ला म्हणाली. ‘‘विशेष काही नाही.’’

त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात ती माझ्याशेजारी कॉफी घेऊन बसली. पुढ्यात लिंबाच्या वड्यांचं ताट, आणि तिने एकही उचलली नव्हती. आमच्याकडे लिंबाची वडी नाकारणाऱ्याला लोक घरापर्यंत सोडायला जातात. पलीकडच्या टेबलावर बायका बोलत होत्या. ‘‘लायलाचा गुडघा पाहिलास? बिचारी! जिना चढताना जीव जात असणार.’’ ‘‘आणि क्लिफर्डची पाठ! मी तर झोपूच शकले नसते गं.’’ हे म्हणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मनगटाला प्लास्टर होतं.

डार्लाचा कप हवेतच थांबला.

‘‘ऐकतोस ना?’’

‘‘दर रविवारी ऐकतो.’’

‘‘अरे, यांना दुसऱ्याचं दुखणं शेवटच्या दाण्यापर्यंत मोजता येतं!’’ तिने दोन वड्या एकदम तोंडात घातल्या आणि पुढचं जे काही बोलली ते मला कळलं नाही.

सोमवारी तिने नवा प्रश्न लिहिला: ‘तुमच्या शेजाऱ्याला अगदी असंच झालं असतं, तर त्याला किती दुखत असेल?’ सालसेडोबाईंनी तो तीनदा वाचला आणि कॉलेजच्या समितीकडून मंजुरी आणली. हातात अठरा दिवस उरले.

पहिला रुग्ण एल्रॉय हॉगडाल. वय अठ्ठ्याहत्तर, गव्हाचा शेतकरी, खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. पुढचं सगळं मला डार्लाने सांगितलं, आणि एल्रॉयनेही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की एल्रॉयच्या सांगण्यात एल्रॉयला काहीच झालं नव्हतं.

‘‘किती दुखतंय, एल्रॉयकाका?’’

‘‘दोन.’’

‘‘बरं. तुमच्या शेजाऱ्याला अस्संच झालं असतं तर?’’

‘‘डेलमरला?’’ एल्रॉय उशीवरून उठू पाहत म्हणाला. ‘‘तो बारा म्हणेल.’’

‘‘दहापर्यंतच आहे, काका.’’

‘‘मग दहा. आणि वर रडेलसुद्धा. एकोणीस वर्षं माझ्या हद्दीतलं गवत कापतोय तो माणूस. त्याचं खरं दुखणं लिहायचं असेल तर शून्य लिही.’’

डार्ला सांगते, तिथे तिच्या डोळ्यांसमोरून पदवी चालत निघून गेली. तिने दोन्ही आकडे खोडले. मग बर्फात रुतलेलं यंत्र ती आधी जरा मागे घ्यायची, तशी मागे आली.

‘‘दुसऱ्या बाजूला कोण राहतं?’’

‘‘लायला.’’ एल्रॉयचा आवाजच बदलला. ‘‘बाईमाणूस, एकटी राहते. तिला हे झालं असतं तर... बिचारी. सात. नाही, आठ. खुब्याचं जाऊ दे गं, पण कालपासून पोटरी जी दगडासारखी झालीय आणि आतून भाजतेय, ते त्या बाईला नसतं सोसलं.’’

‘‘कुणाची पोटरी?’’

‘‘लायलाची. म्हणजे तिला झालं असतं तर.’’

डार्लाने पांघरूण वर केलं. डावी पोटरी उजवीच्या दीडपट, लालसर आणि गरम. तिने घंटा दाबली, नर्स आली, डॉक्टर आले, तपासणीत रक्ताची गाठ निघाली. ती फुप्फुसात गेली असती तर एल्रॉयने मरतानाही ‘दोन’ सांगितलं असतं. रक्त पातळ करायचं औषध लगेच सुरू झालं.

‘‘काका, हे आधीच का नाही सांगितलंत?’’

‘‘आधी तू माझंच विचारत होतीस, पोरी.’’

त्यानंतर डार्लाने प्रश्नात ‘शेजारी’च्या आधी ‘आवडता’ हा शब्द घातला, पुन्हा मंजुरी घेतली आणि उरलेल्या दिवसांत सव्वीस जणांना विचारलं. स्वतःसाठी सगळ्यांचं उत्तर दोन. आवडत्या शेजाऱ्यासाठी तीनपासून नऊपर्यंत, आणि नऊवाल्यांना खरोखरच काहीतरी गंभीर झालेलं. एका बाईला आवडता शेजारी नव्हता. तिने कुत्र्यासाठी उत्तर दिलं, सहा. डार्लाने ते तळटीपेत घातलं.

एप्रिलच्या अठराला वर्गातल्या प्रत्येकीच्या संशोधनाची पोस्टरं लागली. एल्रॉय वॉकरवर टेकत बघायला आला, त्याच्यामागे लायला, आणि दहा फुटांवरून कुणाशीही न बोलता डेलमरसुद्धा. इंगवाल्ड म्हातारा खुर्ची मागवून पोस्टरसमोर बसला, सगळं वाचलं आणि म्हणाला, ‘‘अक्षर बरं आहे.’’ अक्षर छापील होतं. पण डार्ला लाल झाली आणि दिवसभर तशीच राहिली.

‘‘आता कसं आहे, मिस्टर हॉगडाल?’’ सालसेडोबाईंनी विचारलं.

‘‘दोन,’’ एल्रॉय म्हणाला. मग लायलाकडे पाहून त्याने दुरुस्ती केली, ‘‘दीड.’’

पहिलं बक्षीस हात धुण्यावरच्या पोस्टरला मिळालं, त्यावर चमकी होती. डार्ला बी प्लसने पास झाली आणि मे महिन्यात नोकरीवर लागली. दवाखान्याच्या संगणकात शेजाऱ्यासाठी रकाना नाही, त्यामुळे तिथे अजून शून्य ते दहाच लिहितात. पोस्टर कॉफीच्या यंत्राशेजारी तीन आठवडे होतं. मग त्या जागी अग्निशमन दलाच्या पॅनकेक नाश्त्याची सूचना लागली.