खालची बाजू

आमच्या ह्यांना फौजेनं बिनतारी शिकवली, पेन्शन दिली आन् अक्कल तेवढी ठेवून घेतली. सावळाराम म्हंजे माझा नवरा. कापूरहोळच्या फाट्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान. लोकांचे रेडिओ महिना महिना पडून, आन् हे सायेब सरकारी परवाना भिंतीला टांगून साऱ्या जगाशी गप्पा मारणार. दारातल्या गिऱ्हाइकाला हातानंच "थांबा." का? तर जपान बोलतंय!

त्र्याहत्तर साली ह्यांनी फौजेच्या भंगारातनं टाइपाचं एक धूड आणलं. इकडं अक्षर दाबलं की तिकडं परगावी कागदावर उमटायचं, तारेबिगर. म्या म्हणलं, "वा! आता जवारी बी टाइप करा."

पर ह्या खेपेला नुसतं खूळ न्हवतं. ह्यांचा फौजेतला दोस्त कोंडिबा जबलपूरला होता. विंझरच्या पल्याड आमच्याच गावचा, पर वरच्या आळीचा. आमी खालच्या आळीचे. बुद्धाचे झालो तरी गावाला आमची आळी दिसायचीच. ते दोघं मात्र एकमेकाला कोंड्या-सावळ्या म्हणायचे आन् दर रविवारी रेडिओवर बोलायचे. आता कोंडिबाच्या घशात गाठ निघाली. डाक्टर घसा कापणार, आवाज कायमचा जाणार. मग बोलायचं कसं? म्हणून हे धूड. तसंच एक त्याच्याकडं.

तीन रविवार गेले. कागदावर नुसता कचरा.

रेडिओला एक खटका होता, लहरीची वरची बाजू का खालची बाजू ते निवडायचा. बोलायला वरची, टाइपाला खालची, असा म्हणे जगभरचा रिवाज. कोंडिबाचं यंत्र तर खालच्या बाजूलाच बांधलेलं. हितं खटका वर ऱ्हायला की अक्षरं उलटीपालटी. कोंडिबा घोगऱ्या आवाजात सांगून दमला, "सावळ्या, खालची लाव."

मला अडाणीला कळलं. ह्यांना न्हाई कळलं? कळलं की! पर 'खालची' म्हणलं की ह्यांचं डोस्कं फिरायचं. "बोलायला वरची चालती, मग लिव्हायला खालची का? छप्पन साली खालचं सोडलं ते सोडलं." घ्या! म्हंजे हवेतबी आळ्या पडल्या.

चौथ्या रविवारी रेडिओत आवाजच न्हाई. नुसतं टाइपाचं टुरूटुरू. कोंडिबाचा घसा मिटला होता, उद्या कापणार होते. हे खुर्चीत बसले, खटका वरच. कागदावर पुन्यांदा कचरा.

मग माझं टाळकं सरकलं. "चुलीत घाला तो हट्ट! त्या खटक्यानं तुमची जात इचारली का? तिकडं माणूस चाललंय!"

आन् म्या खटका खाली केला.

ह्यांनी माझं मनगट धरलं. वाटलं, आता मारत्यात. पर सोडलं. यंत्र खडखडायला लागलं. इंग्रजी अक्षरं, बोली आपली. हे वाचायला लागले आन् मधीच थांबले.

"काय लिवलंय? वाचा की!"

"लिवलंय... सावळ्या, चार रविवार मी हितं खालीच बसलोय. ये की लेका."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. ह्यांनी नाक शिंकरलं, खुर्ची पुढं ओढली आन् टाइपाला बसले. "आलो," एवढंच. फौजेतल्या पटाईत माणसाला तेवढ्याला पाच मिनटं लागली.